कडेचा हात

"ताई, खरं सांग हं. पैसे मागण्याइतकी तयार झालेय का मी? तू म्हणशील ते." धाकट्या बहिणीचा हा निरोप आला तेव्हा मी एका वकिलाच्या नाकातले केस काढत होते. फोटोतल्या वकिलाच्या, हे सांगायला हवं, कारण माझा धंदा ऐकून लोकांचे गैरसमज फार होतात. फोटो दुसरे काढतात, मी ते साफ करते. आमच्यात याला सफाईच म्हणतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कॉलरवरचा कोंडा, मागच्या भिंतीवरचं विजेचं बटण, नेमका त्याच क्षणी मिटलेला डोळा, हे सगळं मी घरी बसून, खिडकीकडे पाठ करून, संगणकाच्या पेनाने पुसते आणि नाव फोटो काढणाऱ्याचं होतं. अकरा वर्षं झाली. निरोपाखाली बहिणीने त्रेचाळीस फोटो जोडले होते. ते मी उघडले नाहीत. आधी हातातलं काम, असं स्वतःला बजावून वकिलाकडे वळले आणि पाच मिनिटांनी पाहते तर त्याची अर्धी नाकपुडी गायब. असं माझ्या हातून होत नाही. स्थिर हात ही माझी एकच मिळकत आहे. मी उठले, पाणी प्यायले, घासलेलीच भांडी पुन्हा घासली आणि परत येऊन वकिलाला त्याचं नाक देऊन टाकलं.

प्रकरण असं होतं. बहीण घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. फोटो हा तिचा दोन वर्षांचा छंद. मध्यंतरी तिची दाढ सुजली म्हणून ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि गाल भोपळ्याएवढा झालेला असताना, नंबर येईपर्यंत करायचं काय म्हणून, तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंचा फोटो काढून आली. डॉक्टरीणबाईंना तो इतका आवडला की नवा दवाखाना उघडतोय, तिथल्या भिंतीवर आमच्या नऊच्या नऊ माणसांचे फोटो तूच काढ म्हणाल्या. तुझे जे काय पैसे असतील ते सांग, फक्त शुक्रवारपर्यंत कळव, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघायला हवं. 'तुझे जे काय असतील ते.' बहिणीने हे वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं आणि मी ते तीनदा वाचलं. मला अकरा वर्षांत असं कुणी म्हटलेलं नाही. मला म्हणतात, "ताई, नेहमीचंच धरा."

'तयार' हा शब्द तिने मुद्दाम वापरला नसेल. ती मुद्दाम काही करत नाही, तेच तर मला सहन होत नाही. लहानपणी रोज सकाळी आई आतून ओरडायची, "अगं, हिला तयार कर!" मग मी तिच्या दोन वेण्या घालायची, बुटांचे बंद बांधायची, डब्याचं झाकण लागलंय का बघायची. ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांना हात हलवायची. मी तिचं डोकं धरून सरळ करायची, ते परत खिडकीकडे वळायचं. शेवटी मी आत ओरडून सांगायची, "झाली तयार!" मी म्हटल्याशिवाय ती तयार होत नसे. मी स्वतः तयार झाले की नाही हे कुणी विचारल्याचं आठवत नाही, मी आपली होत असे. रस्त्याने निघालो की दुकानदार तिला हाक मारायचा, बसचा कंडक्टर तिच्याशी गप्पा मारायचा, चौकातला सहा फुटी पोलीस कमरेत वाकून तिला विचारायचा, काय बाई, आज गृहपाठ केला का? तिने केलेला नसायचा. मी केलेला असायचा. मी शेजारी दोघींची दप्तरं धरून उभी असायची आणि तो पोलीस सरळ उभा राहताना त्याची नजर माझ्यावरून घसरत पुढच्या गाडीवर जायची. त्याचा काही दोष नव्हता. तिच्याकडे बघितलं की माणसाचं तोंड आपोआप सैल पडतं. माझ्याकडे बघितलं की माणूस शर्टाचं वरचं बटण लावतो.

आणि कॅमेरा माझा होता, हेही एकदा सांगून टाकते. चोविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीत पैसे साठवून घेतलेला. तो गळ्यात अडकवून मी एका स्टुडिओत फोटो काढायचं काम मागायला गेले. मालकाने माझे फोटो बघितले, उजेड चांगला कळतो म्हणाला, मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाला, "हात स्थिर आहे तुझा. आत बस." आत म्हणजे संगणकावर. तात्पुरतं म्हणून बसले. वहीत यादी केली होती, काय काय झालं की आपण स्वतःच्या नावाने पैसे घ्यायला लागायचं. शंभर माणसांचे फोटो. त्यातले वीस कमी उजेडात. एक चांगली लेन्स. लहान मुलं. चष्मेवाले. एक कलम पूर्ण झालं की मी खाली दुसरं लिहायची आणि असं करत करत चौतीस कलमांवर गेले. मग धीर करून शेजारच्या कुटुंबाचा फोटो काढला, फुकटच, बागेत. उजेड असा होता की आजही आठवला की जीव कळवळतो. पण मी कॅमेरा वर केला आणि चौघंही परीक्षेला बसल्यासारखी झाली. नवऱ्याने पोट आत घेतलं, बायकोने ओठ मिटले, पोरगं रडायला लागलं. मी म्हटलं, "हलू नका." मग कुणीच हललं नाही, फोटोतही नाही. त्या बाईंनी छान आला हो म्हटलं आणि तो फोटो कुठेही लावला नाही. वर्षभर मी त्यांच्या घरी गेले की भिंतीकडे बघायचं टाळत होते. त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला. दोन वर्षांपूर्वी बहीण कपाट उघडून म्हणाली, "पडूनच आहे ना गं हा? मी वापरू?" आणि मी म्हटलं, "घे की." मोठ्या बहिणीचं तोंड असतं ना, ते मनाला न विचारताच बोलतं.

बुधवारी दुपारी मी तिचे फोटो उघडले. खरं सांगायचं तर चुका शोधायला उघडले. हौस वेगळी आणि धंदा वेगळा, हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगायचा हक्क माझ्याइतका कुणाला आहे? मी तिघा फोटोग्राफरांची सफाई करते. त्यांतले एक साहेब इतक्या घाईत असतात की मी घरात त्यांना घाईसाहेब म्हणते. एका दिवसात तीन ठिकाणं उरकतात, माणसांना भिंतीला टेकवून उभं करतात आणि 'हसा' म्हणून ओरडतात. त्यांच्या फोटोंतून मी घाम पुसते, वाकडे खांदे सरळ करते, एका फोटोतलं मिटल्या डोळ्यांचं डोकं काढून दुसऱ्यातलं उघड्या डोळ्यांचं बसवते. घाईसाहेब पैसे मागायला तयार आहेत का, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. ते स्वतःला विचारत असतील अशी तर शंकाही घेऊ नका. त्यांनी एक दिवस दुकानावर पाटी लावली, झालं. पण बहिणीला मी घाईसाहेबांच्या मापाने मोजायचं ठरवलं नव्हतं. तिला मी माझ्या मापाने मोजणार होते, म्हणजे चौतीस कलमांच्या.

पहिल्या फोटोत भिंत तिरकी होती. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत मांडी घालून बसले. कागदावर लिहिलं, तिरकी. दुसऱ्यात एका माणसाचं कोपर कापलं गेलं होतं. लिहिलं, कोपर. सहाव्यात पांढरा शर्ट जास्तीच्या उजेडाने जळून नुसता पांढरा डाग झाला होता, आठव्यात मागे कुणाची तरी छत्री बाईच्या डोक्यातून उगवली होती. मी भराभर लिहीत होते, तिचं बरं व्हावं म्हणून लिहितेय असं म्हणत. अकरावा फोटो त्या तक्रारीच्या खिडकीसमोरचा होता. बाकावर एक म्हातारा मांडीवर बंद पडलेली इस्त्री घेऊन बसला होता, तिची वायर त्याने नीट गुंडाळून मुठीत धरली होती, आणि तो फोटो काढणारीकडे बघून सांगत होता की काही नाही हो, कालपर्यंत चांगली होती. म्हणजे तो बोलताना ऐकू येत नव्हता, पण मला तसं वाटलं. त्याच्या पुढच्या फोटोत दोघी बायका एकाच मिक्सरची दोन टोकं धरून भांडत होत्या आणि भांडता भांडता हसायला लागल्या होत्या. नंतरचा रिसेप्शनवरच्या बाईंचा. फोन कानाला, पेन तोंडात, आणि डोळे समोरच्या सुजलेल्या गालाकडे बघून असे काही पाघळलेले की त्या बाई घरी कशा असतील ते कळावं. डोक्यावर नुसती ट्यूबलाइट. त्या निळसर, मुर्दाड उजेडात मी कित्येक चेहऱ्यांना रंग देऊन देऊन थकलेय. या चेहऱ्याला मी काय देणार होते? सवयीने पेन उचललं आणि बाईंच्या हनुवटीवरचा डाग पुसला. बाई एकदम कुणीतरी दुसऱ्याच झाल्या. मी घाईघाईने डाग परत आणला. मग कपाळावरची आठी पुसून बघितली, तीही परत आणली. एकेक फोटो चांगला कुणाचाही येतो. कुत्र्याच्या गळ्यात कॅमेरा बांधला तर महिन्यातून एक त्याचाही येईल. पैसे घ्यायचे म्हणजे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ट्यूबलाइटखाली, त्रासलेल्या माणसाचा चांगला यायला हवा. हे मी अकरा वर्षं ज्याला त्याला सांगत आलेय. आणि त्रेचाळीसमध्ये एकतीस असे होते, सगळे ट्यूबलाइटखाली, सगळे त्रासलेल्या माणसांचे. मी दोनदा मोजले. त्यातल्या एकालाही माझी गरज नव्हती.

त्या दिवशी मी जेवले नाही. नवऱ्याने ताटावरून वर बघून विचारलं, "पोटात दुखतंय का?" त्याने बिचाऱ्याने साधंच विचारलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, त्याला शब्दाचा एकच अर्थ लागतो. पण मी अशी काही उसळले की त्याने मुकाट्याने माझं ताट झाकून ठेवलं. दुखतच होतं पोटात. लोक म्हणतात त्या अर्थाने दुखत होतं, आणि सख्ख्या बहिणीचं चांगलं बघून दुखत होतं, आणि तेही अशा बहिणीचं, की जी उद्या माझं नाव झालं असतं तर गल्लीभर सांगत सुटली असती. तिला माझा हेवा कधी वाटलाच नाही. वाटावा असं माझ्याकडे काही नव्हतं, असंही असेल.

गुरुवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. "बघितलेस?"

"बघतेय."

"बघतेय म्हणजे वाईट आहेत."

"बघतेय म्हणजे बघतेय. भिंती तिरक्या का येतात गं तुझ्या?"

"माझंच डोकं तिरकं असणार," ती म्हणाली. "अजून?"

मी कागदावरचं वाचून दाखवलं. तिरकी, कोपर, जळलेला शर्ट, छत्री. ती हं, हं करत लिहून घेत होती, पेनाचा आवाज येत होता मला. इस्त्रीवाल्या म्हाताऱ्याबद्दल मी काही बोलले नाही. तिने वाट बघितली असणार. मग म्हणाली, "म्हणजे, तयार नाही ना मी?"

"अजून नाही. सहा महिने थांब. फुकट काढ, शिक. एकदा पैसे घेतले की लोक सूट देत नाहीत." माझा आवाज इतका समजूतदार येत होता की मलाच पटत चाललं होतं. "नाव खराब झालं की परत चांगलं होत नाही."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली, आणि खरंच तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "तू नसतीस तर मी हो म्हणून बसले असते. तुला एवढी कामं बघून कळतं, मला काय कळणार? मग मी डॉक्टरीणबाईंना तुझ्या त्या घाईसाहेबांचा नंबर देते. म्हणजे सफाई तुझ्याकडेच येईल ना? आणि मी त्यांच्याबरोबर जाते, पडदा धरायला. शिकायलाही मिळेल." तिला म्हणायचं होतं तो पांढरा रिफ्लेक्टर, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर परतवायला बाजूला कुणीतरी धरून उभं राहावं लागतं. घाईसाहेबांना फुकटचा माणूस मिळाला तर ते नाही कशाला म्हणतील? फोन ठेवला आणि मला सपाटून भूक लागली. चार अंडी फोडली, पाव भाजला, नवऱ्यालाही वाढलं. तो म्हणाला, पोटात दुखायचं राहिलं वाटतं. मी म्हटलं, राहिलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याचं काम झालं आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी घाईसाहेबांकडून छत्तीस फोटो आले. खाली त्यांची एक ओळ, 'कडेचा हात काढून टाका. बाकी नेहमीचं.' मी पहिला उघडला. पांढऱ्या कोटातला एक कंपाउंडर, मागे दातांचे चार्ट, आणि डाव्या कडेने फोटोत शिरलेला एक हात, पांढऱ्या पडद्याची कड धरलेला. घाईसाहेबांनी नेहमीप्रमाणे चौकट न बघता बटण दाबलं होतं. हात मनगटाच्या थोडा वरपर्यंत दिसत होता. बाहीचं बटण तुटलेलं. तिच्या बाहीचं बटण नेहमीच तुटलेलं असतं. दुसऱ्या फोटोत तोच हात जरा खाली, तिसऱ्यात बोटं ताणून धरलेली, पडदा जड झाला असणार. दहाव्यात तिने हात बदलला होता. असे छत्तीस. तासाभराचं काम होतं. भिंतीचा तुकडा उचलायचा, हातावर ठेवायचा, कडा मिटवायच्या. मी सुरुवात केली. कंपाउंडरच्या शेजारचा हात गेला, नर्सच्या शेजारचा गेला. एकेक हात जाताना मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. घाईसाहेबांनीच सांगितलं होतं, धंदा होता. तिला कुणी सांगितलं होतं चौकटीत यायला?

सातव्या फोटोवर मी थांबले. रिसेप्शनवरच्या त्याच बाई होत्या. हात पुसून झाला होता, तरी फोटोत काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, म्हणून मी मागे झाले आणि मग दिसलं. बाई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे डावीकडे होते, जिथे आता मी नुसती भिंत केली होती तिथे. मी पहिल्या फोटोवर परत गेले. कंपाउंडर डावीकडे बघत होता. नर्स डावीकडे. साफसफाईवाल्या मावशी डावीकडे बघून तोंडावर हात धरून हसत होत्या. खुद्द डॉक्टरीणबाई, कडक इस्त्रीच्या कोटात, डावीकडे बघून असं हसत होत्या की त्यांचा एक वाकडा दात दिसत होता, आणि दातांच्या डॉक्टरांनी तो लोकांपासून किती जपला असेल! घाईसाहेब समोर उभे राहून हसा हसा म्हणत असणार आणि नऊच्या नऊ माणसं बाजूला पडदा धरून उभी राहिलेल्या बाईशी बोलत होती. ज्या फोटोंत नजर सरळ होती, त्यांत ती घाईसाहेबांच्या नेहमीच्या फोटोंसारखी मेलेली होती. ज्यांत डावीकडे होती, त्यांत माणसं होती. मी एका नर्सचा डोळा मोठा केला, मोठा करत करत संगणकाच्या पडद्याएवढा केला. बुबुळात उजेडाचा चौकोनी ठिपका होता, तो पांढरा पडदा. ठिपक्याच्या कडेला एक गडद डाग होता, डोकं आणि खांदा म्हणता येईल एवढा. डोकं जरासं तिरकं होतं.

मला तेव्हा राग आला असं म्हणता येणार नाही. रागाला काहीतरी कारण लागतं. मला त्या अनोळखी नर्सकडे बघून वाटलं, माझ्याकडे असं एकदा तरी कुणी बघायला हवं होतं. एकदा. आईने नाही, तिला आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. नवरा बघतो, पण लिफ्टच्या दारासारखा, नीट बंद झालंय ना एवढंच. मी बागेत कॅमेरा धरून उभी होते तेव्हा त्या चौघांतल्या एकाने जरी असं बघितलं असतं, तरी मी आज खिडकीकडे पाठ करून बसले नसते. त्या पोराने तरी. आणि ही नुसता पडदा धरून उभी राहते, कॅमेराही हातात नाही, कुणी तिला नाव विचारलेलं नाही, आणि माणसं आपले लपवलेले दात काढून दाखवतात. मी नर्सचं बुबुळ कापलं. हे सोपं असतं, लोकांना वाटतं तितकं अवघड नसतं. बुबुळ उचलायचं, केसभर उजवीकडे सरकवायचं, मागे उरलेल्या जागी पांढरं भरायचं, आणि उजेडाचा ठिपका नवा, स्वच्छ, गोल द्यायचा. घाईसाहेबांनी हे सांगितलं नव्हतं. 'बाकी नेहमीचं' यात हे येतं, असं मी मनाशी म्हटलं. नजर सरळ करणं ही सफाईच आहे की. नर्स कॅमेऱ्याकडे बघायला लागली. मग कंपाउंडर. मग मावशी. मी पाठीला कळ लागेपर्यंत बसले, चहा गार झाला, आणि एकेकाचे डोळे तिच्यावरून उचलून समोर आणून ठेवले. डॉक्टरीणबाईंचे शेवटी केले. दातही सरळ केला. कुठेही खूण राहिली नाही. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलेलं नाही.

घाईसाहेबांचा लगेच निरोप आला, झकास, आणि बरोबर एक अंगठा. त्यांनी फोटो नीट उघडूनही बघितले नसतील. मला मात्र दोन दिवस कशातच राम वाटेना. मूळ छत्तीस फोटो मी पुसून टाकायला घेतले होते, काम संपलं की मी टाकतेच. यावेळी बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. पुसायचं राहिलं एवढंच.

ती दवाखाना बघून आली त्या दुपारी तिचा फोन आला. मागे रस्त्याचा आवाज होता, ती चालत होती. "ताई, कमाल केलीस गं! माझा हात कुठ्ठेच नाही. मी भिंतीजवळ नाक लावून शोधला. सगळे कौतुक करत होते."

"तेच तर काम आहे माझं," मी म्हटलं.

"आणि सगळे काय सरळ बघतायत कॅमेऱ्याकडे! एकसारखे." तिची पावलं थांबली असावीत, कारण आवाज स्थिर झाला. "गंमत सांगू? मला त्या दिवशी वाटत होतं की ते सगळे माझ्याकडेच बघतायत. मी काहीतरी बडबडत होते, त्या मावशींचा हात पडद्याच्या उजेडाने भाजतोय की काय असं काहीतरी, आणि ते हसत होते. घाईसाहेब चिडलेसुद्धा. घरी येताना मी इतकी खुशीत होते! म्हटलं, हे जर जमत असेल, माणसं जर माझ्याशी अशी होत असतील, तर बाकीचं येईल शिकता. तिरक्या भिंती काय, सरळ होतील. तुला सांगणार होते, पण म्हटलं आधी फोटो येऊ देत, तेच सांगतील." ती हसली. "मेला एकही नाही बघत माझ्याकडे. सगळं माझ्या मनाचं. बरं झालं तू तेव्हा नाही म्हणालीस. मी लोकांकडून पैसे घेतले असते आणि सगळीकडे हसं झालं असतं माझं. आता काही परत विचारणार नाही हं तुला. जाऊ दे तो कॅमेरा."

मी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. काही बोलले नसते तरी चाललं असतं. ती अजून दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलली असती, मग बस आली असती, आणि हे प्रकरण कायमचं मिटलं असतं, कडासुद्धा दिसल्या नसत्या. आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता, आयुष्यभर, जसा ती ठेवत आलीय तसाच. मला हवं होतं तेच तर हे. मी समोर बघितलं. माझ्या संगणकाच्या पडद्यावर दुसराच कुणी माणूस होता, कुठल्याशा बँकेचा, घाईसाहेबांच्या भिंतीला टेकून उभा, थेट माझ्याकडे बघणारा, आणि त्या बघण्यात काही नव्हतं.

"ताई? ऐकतेयस ना?"

"ते तुझ्याकडेच बघत होते," मी म्हटलं.

"हं?"

"सगळे. नऊच्या नऊ. मूळ फोटो आहेत माझ्याकडे. डोळे मी फिरवले."

रस्त्याचा आवाज तेवढा येत राहिला. एक गाडी गेली, मग दुसरी. ती समजून घेत होती, मला कळत होतं. ती वाईट अर्थ लावायला नेहमीच फार वेळ घेते.

"त्यांनी सांगितलं असेल ना तुला," ती शेवटी म्हणाली. मला सोडवायलाच बघत होती ती, अजूनही. "घाईसाहेबांनी?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी फक्त हात काढायला सांगितलं होतं."